बिऱ्हाड हलले की शाळा हलते: गोव्याची पार्श्वभूमी

गोव्यात बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळतो, पण तिथे टिकणे जड जाते. त्याची कारणे बरीच मागची आहेत.

पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून चाले. मराठी शाळा लोकच आपल्या खर्चाने चालवत. मुक्तीनंतर, १९६३ पासून, दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि पायी जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा आली. मात्र ती गावाला बांधलेली होती. साळावली धरणासाठी कुर्डी गाव उठले, तेव्हा घराबरोबर मुलांची शाळाही सुटली.

पुढे सारे भांडण माध्यमाचे झाले. १९९० मध्ये प्राथमिक स्तरावर अनुदान फक्त मराठी, कोकणी अशा भारतीय भाषांतील शाळांना देण्याचे ठरले. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि राज्यभर आंदोलने पेटली. दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर मूल होते ते एका गावात वाढणारे. कामासाठी दोडामार्ग-सावंतवाडीहून डिचोली-म्हापशाला आलेल्यांचे मूल त्या वादात कुणी धरलेच नाही.

हे मूल चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत रमते. पाचवीपासून गोव्यातल्या बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या. वडिलांचे काम सुटून कुटुंब सातवीत गावी परतले, तर पुन्हा मराठी माध्यम. माझ्या मते खरी गळती इथेच सुरू होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि कितीतरी घरांची रोजी एकाएकी गेली. अशा वेळी शाळेचा विचार शेवटी होतो.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत दिलासा दिला. एका शाळेतून दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जाणे हा मुलाचा हक्क. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे काम. पालकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण शाळेच्या दारात दाखल्यासाठी ताटकळण्याची वेळ अजूनही येते.

२०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. सिंधुदुर्गात वर्ष सुरू होते जूनमध्ये. तिकडून येणारे मूल वर्गात बसते तेव्हा एप्रिलचा अभ्यास होऊन गेलेला असतो, आणि तो भरून देण्याची जबाबदारी शिकवणीवर न टाकता शाळेनेच घेतली पाहिजे.