जॉर्ज हॅरिसन आणि 'नकळत' उचललेली चाल

बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'माय स्वीट लॉर्डची चाल ढापलेली ना?' मग पुढचा अर्धा तास तेच. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. बीटल्स कोण, का फुटले वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देऊ.

आधीचं थोडक्यात. १९६६ च्या सप्टेंबरात हा माणूस पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, कोणी ओळखू नये म्हणून मिशी वाढवून आला तरी लोकांना कळलंच, हॉटेलखाली गर्दी झाली आणि गुरू-शिष्यांना काश्मीरला हाउसबोटीवर जाऊन रियाज करावा लागला. १९६८ च्या जानेवारीत परत मुंबईत, यावेळी रेकॉर्डिंगला. स्टुडिओ धड साउंडप्रूफ नाही, बाहेर फोर्टातला ट्रॅफिक, आणि आत संतूर, सरोद, शहनाई. त्यातूनच 'वंडरवॉल म्युझिक' झाला, म्हणजे बीटल्सपैकी कोणाचाही पहिला सोलो अल्बम, आणि त्याचा बराच भाग आपल्या मुंबईत झालेला. हे इथल्या लोकांनाही माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

बँडमध्ये त्याच्या वाट्याला एका अल्बममागे एक-दोन गाणी यायची, त्यामुळे बाकीची साठत गेली, आणि १९७० च्या नोव्हेंबरात एकदम तीन रेकॉर्डींचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला. त्यातलं 'माय स्वीट लॉर्ड' अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन्हीकडे एक नंबर. आधी हालेलुया, मग हळूच हरे कृष्ण, आणि पुढे चक्क 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू', आपल्या शाळेच्या प्रार्थनेतला श्लोक! आणि १९७१ च्या फेब्रुवारीत एका जुन्या गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीचा दावा दाखल. १९६३ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलेलं 'हीज सो फाइन' नावाचं मुलींच्या ग्रुपचं गाणं, त्याची ही चाल आहे म्हणे.

आता चाल म्हणजे नेमकं काय, तर कोर्टाने दोन तुकडे वेगळे काढले. आपल्या सरगममध्ये सांगायचं तर पहिला प-ग-रे, आणि दुसरा प-ध-सां-ध-सां. नुसता पहिला तुकडा म्हणजे काहीच नाही, तीन स्वर कोणाच्या बापाचे नसतात. पण दोन्ही गाण्यांत पहिला तुकडा चार वेळा येतो, मग दुसरा एकात चार वेळा आणि जॉर्जच्या गाण्यात तीन वेळा, आणि वर दुसऱ्या तुकड्यात एक बारीकशी मुरकी, प-ध-सां-ध-रें-सां, तीही दोन्हीकडे. तिथे तो अडकला. त्याचं म्हणणं, मला सुचलं ते 'ओह हॅपी डे' या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या धाटणीच्या, गाण्यावरून. हे मला पटतं, पण मुरकीचं उत्तर त्यातून मिळत नाही हेही खरं.

१९७६ च्या निकालात न्यायाधीश म्हणाले, त्याने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, पण त्याने आधीचं गाणं ऐकलेलं होतं आणि त्याच्या सुप्त मनाला माहीत होतं की हे स्वर चालतील. कायद्याने हा कॉपीराइटचा भंगच, नकळत झाला तरी. नीट बघा, निकालात शब्द 'भंग' आहे. 'चोरी' हा पेपरवाल्यांचा. चोरी म्हटलं की हेतू आलाच, आणि हेतू तर कोर्टानेच नाकारलाय, तरी पन्नास वर्षं लोक 'नकळत केलेली चोरी' म्हणतात, जे म्हणजे नकळत केलेला दरोडा म्हणण्यासारखं झालं. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर सरळ 'चाल' लिहून मूळ गाण्याचं नाव छापायचे, कोणाला त्यात लाज वाटली नाही. अर्थात तिथे सांगून घेतलेलं होतं, इथे नाही, आणि मध्ये रॉयल्टीचे डॉलर होते, हा फरक आहेच.

डॉलरवरून आठवलं, खरा घोळ तर पुढेच आहे. खटल्याच्या सुरुवातीला जॉर्जच्या बाजूने बोलणी करणारा त्याचा मॅनेजर १९७३ ला बाहेर पडला आणि समोरच्या पार्टीला जॉर्जच्या कमाईचे आकडे पुरवायला लागला. जॉर्जने १,४८,००० डॉलरवर मिटवायची ऑफर दिली ती समोरच्यांनी घेतली नाही, कारण मॅनेजर जास्त देत होता. पुढे कोर्टाने गाण्याच्या कमाईतला चालीचा वाटा १५,९९,९८७ डॉलर धरला, पण त्याआधीच, १९७८ मध्ये, त्याच मॅनेजरच्या कंपनीने मूळ गाण्याचे हक्क ५,८७,००० डॉलरला विकत घेतले, म्हणजे आता जॉर्जने नुकसानभरपाई द्यायची ती आपल्याच जुन्या मॅनेजरला! १९८१ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हे चालू दिलं नाही. तू जितक्याला घेतलंस तितकेच पैसे, अधिक व्याज, एवढंच तुला मिळणार. निकालाचा हा अर्धा भाग मात्र कोणी सांगत नाही.

यातच बाकीचं आयुष्य चालू होतं. १९७१ ला बांगलादेशसाठी न्यूयॉर्कची कॉन्सर्ट, १९७४ ची अमेरिका टूर ज्यात घसा पार बसला आणि समीक्षकांनी सोलून काढलं, १९७६ ला खटल्याचीच टिंगल करणारं 'धिस साँग', ज्याचा व्हिडिओ कोर्टरूममध्येच. १९८७ ला 'क्लाउड नाइन'ने तो परत आला, त्यातलं अमेरिकेत एक नंबरला गेलेलं गाणं दुसऱ्याचं होतं, पण रीतसर घेतलेलं.

कोर्टातले कागद १९९८ पर्यंत चालू राहिले. २९ नोव्हेंबर २००१ ला जॉर्ज गेला, आणि २००२ च्या जानेवारीत 'माय स्वीट लॉर्ड' इंग्लंडमध्ये पुन्हा एक नंबरवर.