‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हटल्याने काय होतं?

खचलेल्या माणसाला सगळ्यात सहज दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘पॉझिटिव्ह विचार कर’. तो नुसता वाया गेला तर एक वेळ परवडलं, पण कधी कधी तो उलटतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ‘मी प्रेमाला पात्र व्यक्ती आहे’ हे वाक्य मनात म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमीपणा वाटत होता, त्यांना त्यानंतर आणखी वाईट वाटू लागलं. न पटणारं कौतुक ऐकलं की मन त्याविरुद्धचेच पुरावे उकरून काढतं.

‘तो विषयच डोक्यातून काढून टाक’ हेही तसंच. १९८७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार पाच मिनिटं टाळायला सांगितलं. कुणालाच ते पूर्णपणे जमेना. नंतर बंदी उठल्यावर तर अस्वल जास्तच येऊ लागलं!

मग बोलायचं काय? १९६०च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या लक्षात आलं, की नैराश्यातल्या रुग्णांच्या मनात काही वाक्यं आपोआप, क्षणात येऊन जातात आणि ती तपासून न बघताच खरी मानली जातात. बेक वाद घालत नसत, प्रश्न विचारत. मुलाखतीहून परतलेला मित्र म्हणतो, ‘माझं कुठेच काही होणार नाही.’ ‘असं कसं, होईल की!’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी ‘नक्की काय झालं तिथे?’ असं विचारावं. ‘एका प्रश्नाला ततपप झालं.’ ‘आणि बाकीच्यांना?’ ‘बाकीचे बरे गेले.’ हे उत्तर काही आनंदाचं नाही, पण खरं आहे, आणि त्याने स्वतःच दिलेलं असल्यामुळे त्याला ते पटतं. मला विचाराल तर ‘सकारात्मक’पेक्षा ‘नेमका’ विचार हे ध्येय जास्त प्रामाणिक आहे.

मात्र दोघांनी मिळून तेच दुःख तासन्‌तास उगाळण्यातही धोका आहे. त्याने मैत्री घट्ट होते, पण उदासीही वाढू शकते. अशा वेळी बोलण्यापेक्षा हालचाल बरी. मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांच्या गटाने १९९६ मध्ये नैराश्याच्या रुग्णांवर वेगवेगळ्या उपचारांची तुलना केली. विचारांना हात न लावता नुसती रोजची कामं हळूहळू पुन्हा सुरू करून देणं हे विचार तपासण्यासह केलेल्या संपूर्ण उपचाराइतकंच गुणकारी ठरलं. म्हणजे मूड येण्याची वाट बघत बसायचं नाही, आधी उठायचं. ‘कधीतरी फिरायला जात जा’ हे खचलेल्या मित्राला जमणार नाही. ‘सहाला दाराशी येतो, चपला घालून थांब’ हे जमेल.

उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मित्राने उपचारक होऊ नये. डॉक्टरकडे सोबत जावं. आणि जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे.