अनुभव आणि सेवाज्येष्ठता: नोकरी बदलताना सोबत काय येते?

नोकरी बदलावी की नाही, असा प्रश्न पडला की परिचारिका बहुधा आधी आपल्या सेवेची वर्षे मोजतात. आठ वर्षे झाली, म्हणजे ती आठही वर्षे नव्या जागी आपल्या बाजूने उभी राहतील, असे त्या धरून चालतात. प्रत्यक्षात त्या वर्षांत दोन वेगळ्या गोष्टी जमलेल्या असतात. त्यातला अनुभव परिचारिकेसोबत जातो. सेवाज्येष्ठता मात्र जुन्या संवर्गाच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांच्या गटाच्या, यादीतच राहते.

ज्येष्ठतेचा अर्थ यादीतला क्रमांक एवढाच आहे, परंतु शासकीय सेवेत अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्स) परिसेविका (वॉर्डची प्रमुख परिचारिका) होते ती प्रामुख्याने याच क्रमांकावर. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची यादी जिल्ह्यापुरती असते. त्यामुळे गडचिरोलीत बारा वर्षे काढलेली आरोग्यसेविका स्वतःच्या विनंतीवरून आंतरजिल्हा बदलीने यवतमाळला गेली, तर पगार तोच राहतो, पण नाव तिथल्या यादीच्या तळाशी लागते आणि आरोग्य सहाय्यिकेच्या वरच्या पदाची वाट पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागते. घराजवळ येण्यासाठी ही किंमत देणे चूक नाही. ती ठाऊक नसताना देणे वाईट.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण रुग्णालयातून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, नव्या निवडीने जाणाऱ्या अधिपरिचारिकेचेही असेच होते. इथे आणखी एक गोष्ट जपावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनामा दिला की मागील सेवा जप्त होते. मात्र दुसरी शासकीय नेमणूक स्वीकारण्यासाठी रीतसर परवानगीने दिलेला राजीनामा याला अपवाद आहे. म्हणून अर्ज कार्यालयामार्फतच करावा आणि राजीनाम्यात नव्या नेमणुकीचा उल्लेख असावा. घाईघाईत ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून दिलेला एक कागद पुढे फार महाग पडतो.

अनुभवाचे मोजमाप वर्षांवर कमी आणि कामावर अधिक ठरते. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर रुग्णालयात येतो. तोंडातून फेस, घामाने भिजलेले अंग, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या. अशा रुग्णाला अॅट्रोपिन हे विषावरचे औषध सुरू असताना दर थोड्या वेळाने नाडी पाहणे, छातीतली घरघर कमी झाली का ते ऐकणे आणि औषध जास्त होऊन तो बरळू लागला तर डॉक्टरांना लगेच बोलावणे, हे आपल्या विदर्भातल्या परिचारिका रात्रपाळीत करत असतात. सर्पदंश आणि सिकलसेलचे रुग्णही त्यांनी पुष्कळ सांभाळलेले असतात. शहरातल्या अतिदक्षता विभागाला नेमके हेच कौशल्य हवे असते, पण प्रमाणपत्रावर ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले’ एवढीच ओळ असली तर ते दिसणार कसे? कोणत्या विभागात, किती काळ, कोणते काम केले, हे त्यात लिहून घेणे हा आपला हक्क समजावा.

कंत्राटी परिचारिकेचे गणित वेगळे आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात ११ महिन्यांच्या आदेशावर वर्षानुवर्षे काम केले तरी नियमित संवर्गाच्या ज्येष्ठता यादीत तिचे नाव चढत नाही. दहा वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा, निर्णय शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला, त्यामुळे नववे वर्ष चालू असणारीने थांबण्याला अर्थ आहे. दोन-तीन वर्षे झालेलीने मात्र ‘इतकी वर्षे वाया जातील’ या भीतीने अडून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्याकडे गमावण्यासारखी ज्येष्ठता नाही आणि शिकलेले काम तिच्या हातातच राहणार आहे. तिने नव्या जागी पगाराबरोबर हेही विचारावे की नेमणूक कोणत्या वॉर्डात आहे आणि तिथे नवे काय शिकायला मिळेल.

नियमित सेवेतल्या परिचारिकेने निर्णयापूर्वी अद्ययावत ज्येष्ठता यादी मागून स्वतःचा क्रमांक पाहावा आणि वरच्यांपैकी किती जणी येत्या तीन वर्षांत निवृत्त होणार आहेत ते मोजावे. बढती तेवढ्या टप्प्यात असेल, तर ती घेऊन मगच नव्या जागेचा विचार करावा.