4.8 मीटरची भरती आणि जहाजाच्या तळाखालचं पाणी

दर पावसाळ्यात ‘आज समुद्रात 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशी बातमी हमखास येते. हा आकडा लाटेचा नसतोच, तो भरतीचा असतो. नौकानकाशात खोली मोजण्यासाठी नीचतम ओहोटीच्या आसपासची एक पातळी शून्य धरलेली असते आणि पाणी तिच्यापासून किती चढणार, ते हा आकडा सांगतो. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे 4.8 मीटरची भरती सरासरीपेक्षा जेमतेम सव्वादोन मीटर उंच. लाटा वाऱ्यामुळे उठतात, त्यांचा हिशेब वेगळा.

लोकांना घाबरवायला वापरला जाणारा हाच आकडा न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मात्र हवाहवासा असतो. 1989 साली सुरू झालेल्या या बंदरात यायला खोदून खोल केलेला, सुमारे 33 किलोमीटरचा मार्ग आहे. हे खोदकाम 15 मीटर ड्राफ्टच्या, म्हणजे पाण्याखाली 15 मीटर बुडालेल्या जहाजांना भरतीच्या आधाराने आत घेता यावं अशा बेताने केलेलं आहे. आणखी खोल का खोदत नाहीत? कारण खाडीचा गाळ पुन्हा पुन्हा येऊन बसतो आणि उपशाचा खर्च कधी संपत नाही.

साडेतीनशे मीटर लांब, 50 मीटर रुंद जहाज 1 सेंटिमीटर जास्त बुडवलं तर साधारण 140 टन माल जास्त मावतो. भरलेला वीस फुटी कंटेनर 14 टनांचा धरला, तर ते दहा कंटेनर झाले. त्यामुळे तळाखाली किती पाणी ठेवायचं, यावर सेंटिमीटरांत घासाघीस चालते.

गंमत अशी की, उभ्या जहाजाचा ड्राफ्ट आणि चालत्या जहाजाचा ड्राफ्ट एक नसतो. जहाज पुढे सरकतं तेव्हा नाळेपुढचं (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक) पाणी बाजूंनी आणि तळाखालून मागे जातं. तळ आणि गाळ यांच्यात फट कमी असेल, तर तेवढंच पाणी अरुंद वाटेने जायचं म्हणून त्याला वेग घ्यावा लागतो. वेग वाढला की दाब कमी होतो, हे बर्नुलीचं तत्त्व शाळेत शिकवतात. दाब घटल्याने जहाजाभोवतीची पाण्याची पातळीच खाली जाते आणि जहाज तिच्याबरोबर खाली बसतं. या बसण्याला स्क्वॉट म्हणतात.

त्याचा ठोकताळा सोपा आहे. लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट यांच्या ठोकळ्यातला जितका भाग जहाज प्रत्यक्ष व्यापतं, तो अपूर्णांक घ्यायचा (कंटेनर जहाजासाठी 0.65 धरू), त्याला नॉटमधल्या (1 नॉट म्हणजे तासाला सुमारे 1.85 किलोमीटर) वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि 100 ने भागायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. दोन्ही बाजूंनी काठ असलेल्या कालव्यात ते दुप्पट होतं. मुंबईचा मार्ग या दोन टोकांच्या मधला, कारण खोदलेल्या चराच्या दोन्ही बाजूंना उथळ का होईना, पाणी असतं.

खोली 15 मीटर आणि त्या वेळची भरती 3 मीटर धरू. 15 मीटर ड्राफ्टच्या जहाजाखाली 3 मीटर पाणी उरलं. दुपटीचा वाईट अंदाज घेतला तर 12 नॉटला स्क्वॉट 1.87 मीटर. वळताना जहाज फक्त 1 अंश कललं, तरी 50 मीटर रुंदीमुळे त्याची एक कड 44 सेंटिमीटर खाली जाते. उरले सुमारे 70 सेंटिमीटर, त्यातून लाटांचं वरखाली अजून वजा व्हायचंय. वेग 8 नॉट केला की स्क्वॉट 83 सेंटिमीटरवर येतो, एक मीटरहून जास्त वाचतं.

मग सावकाशच का जाऊ नये? 33 किलोमीटरला 12 नॉटने दीड तास लागतो, 8 नॉटने सव्वादोन तास. भरती-ओहोटीतला फरक 4 मीटर असेल, तर ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी तासाला साधारण 1 मीटर उतरतं. म्हणजे वेग कमी करून मिळवलेलं बरंचसं पाणी पाऊण तासाच्या उशिरात जातं. शिवाय मंद जहाज सुकाणू नीट ऐकत नाही आणि प्रवाह त्याला आडवं ढकलतो. म्हणून खोल जहाज शक्यतो चढत्या पाण्यावर आत घेतात. तळ टेकलाच, तर भरती त्याला उचलते. उतरत्या पाण्यावर टेकलं, तर रुतून बसतं.

स्क्वॉट सुरू झाला की इंजिनाचे फेरे तेवढेच असूनही वेग पडतो, थरथर वाढते, वळायला उशीर लागतो. वेग पडला म्हणून इंजिनाचा जोर वाढवणं हीच इथली घातक चूक. 1992 मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सजवळ सुमारे 25 नॉटने जाताना खडकांवर घासलं, तेव्हाही स्क्वॉटचा अंदाज कमी पडला होता.

उधाणाची भरती पौर्णिमेइतकीच अमावास्येलाही येते, बहुधा एकदोन दिवस उशिरा. अमावास्येला प्रवास टाळणाऱ्यांच्या टीव्ही-फ्रिजचे कंटेनर मात्र नेमक्या त्याच सुमारास सुखरूप आत येतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला पाणी कमी चढतं. तेव्हा खोल जहाजाला बाहेर नांगर टाकून थांबावं लागतं, नाहीतर आधीच्या बंदरात माल कमी भरून घ्यावा लागतो.

या सगळ्या हिशेबात आणखी एक डळमळीत आकडा आहे, खोलीचा. प्रतिध्वनीने खोली मोजताना 200 किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर 33 किलोहर्ट्झचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन आकड्यांत फरक पडला, तर मधल्या चिखलातून जहाज जाऊ शकेल की नाही, हे त्याची घनता मोजल्याशिवाय ठरत नाही.