इझी पेस, कोकण किनाऱ्यावरचा

इझी पेस म्हणजे मॅरेथॉनच्या सरावातले बहुतेक किलोमीटर ज्या आरामाच्या वेगाने पळायचे तो वेग. ४२.१९५ किलोमीटर टिकायचं तर स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढाव्या लागतात, शरीराला चरबी जाळत पळायची सवय लागावी लागते, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे निवांत पळूनच अंगात मुरतं. न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड तर ८०० मीटरवाल्या पीटर स्नेललाही डोंगराळ रस्त्यावर ३५ किलोमीटर पळवायचे, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सोनं आणलं.

वेग ओळखायची भरवशाची खूण म्हणजे बोलणं. सोबतच्याला 'काल जेटीवर बांगडो काय भावान गेलो रे' असं अख्खं वाक्य एका दमात विचारता आलं तर बरोबर, 'काल... जेटीवर...' असं तुटायला लागलं की लगेच हळू व्हायचं. घड्याळवाले हार्ट रेट बघतात, २२० वजा वय हा कमाल आकडा धरून त्याच्या ७५ टक्क्यांच्या आत, म्हणजे चाळिशीत १३५च्या आत. पण सूत्र ढोबळ आहे, माणसामाणसात दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे माझा विश्वास श्वासावरच जास्त. ४ तासांत मॅरेथॉन करणाऱ्याचा स्पर्धेतला पेस किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद येतो, त्याने सरावात साडेसहा-सात मिनिटांना किलोमीटर पळावं.

हे आकडे कोकणात जसेच्या तसे लावायचे नाहीत. मे महिन्यात पहाटे साडेपाचलाच हवा इतकी दमट असते की घाम कोपरावरून थेंब थेंब गळतो पण सुकत नाही, आणि सुकला नाही तर अंग गार होत नाही, मग रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके वाढत जातात. अशा दिवशी किलोमीटरमागे अर्धं-पाऊण मिनिट सोडून द्यायचं, तोच त्या दिवशीचा खरा इझी पेस. चढाचंही तसंच, रत्नागिरीत भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या सड्याकडे, म्हणजे कातळाच्या पठाराकडे, चढताना बोलणं तुटलं तर सरळ चालावं, त्यात कमीपणा काही नाही.

पुळणीवर पळायचं तर ओहोटी हवी. सुक्या वाळूत पाय रुततो आणि इझी रन कधी जड झाला ते कळतही नाही, ओली घट्ट वाळू मात्र गुहागरला काय किंवा दापोलीच्या मुरुडला काय, मस्त लागते. वेळेचा हिशोब जुनाच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि तिच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळी ५ ते ८च्या दरम्यान पाणी उतरलेलं मिळतं, लाँग रन, म्हणजे सरावातलं लांब पल्ल्याचं पळणं, तेव्हा ठेवावा. अष्टमीला सहालाच भरती, त्या दिवशी रस्त्यानेच जावं.