‘तेल्या’ टाइप केला, निकाल शून्य

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल कोणालाही विचारा, तासभर बोलेल. तोच ‘तेल्या’ शब्द संशोधनपत्रांच्या एखाद्या डेटाबेसमध्ये टाकला, तर पडद्यावर बहुधा शून्य उमटते. मग विद्यार्थी गूगलकडे वळतात. तिथे निकालांचा ढीग मिळतो, पण त्यातले बरेचसे कोणीतरी औषध खपवण्यासाठी लिहिलेले असते. त्या शून्यावरून माहितीच नाही असे समजायचे कारण नाही. या रोगावर गेल्या शतकाच्या मध्यापासून लिहिले जाते आहे आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र तर सोलापुरातच, केगावला आहे.

अडते कुठे, ते डेटाबेस शोधतो कसा यावरून कळते. तो प्रश्न समजून घेत नाही. आत आलेल्या प्रत्येक लेखाचे शीर्षक, सारांश, लेखकांची नावे आणि विषयशब्द सुटे करून त्याने आधीच एक सूची तयार ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी: शब्द, आणि त्यापुढे तो कोणकोणत्या नोंदींत आला त्यांचे क्रमांक. तुम्ही दोन शब्द ‘ॲन्ड’ने जोडले की दोन्ही याद्यांत असलेले क्रमांक तेवढे उरतात. ‘ऑर’ने जोडले की दोन्ही याद्या एकत्र होतात. ‘नॉट’ने दुसरी यादी पहिलीतून वजा होते. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ मध्ये तर्काचे जे बीजगणित मांडले, तेच हे. (‘नॉट’ जपून वापरा. ज्या लेखात नको असलेल्या विषयाचा नुसता उल्लेख आहे, तो चांगला लेखही त्यात उडतो.)

तेव्हा आपल्याला काय म्हणायचे आहे ते बाजूला ठेवायचे आणि लेख लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल त्याचा अंदाज घ्यायचा. तेल्याला संशोधक ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ म्हणतात. पण नुसते तेवढे टाकले तर भात आणि कापसावरचे लेख अंगावर येतात, म्हणून ‘पोमग्रॅनेट’ जोडावे लागते. हा रोग ज्या जिवाणूमुळे होतो त्याच्या शास्त्रीय नावाची गंमत याहून मोठी आहे. १९५९ मध्ये त्याचे वर्णन झाले ते ‘झँथोमोनास प्युनिसी’ या नावाने. पुढे तो ‘कॅम्पेस्ट्रिस’ जातीचा एक प्रकार ठरला, मग ‘ॲक्झोनोपोडिस’चा, आणि आता ‘सिट्री’चा. जिवाणू तोच, पण फक्त आजचे नाव टाकाल तर जुन्या लेखांचा मोठा गठ्ठा हातातून निसटेल. मात्र या सगळ्या नावांत एक शब्द टिकून राहिला आहे: ‘प्युनिसी’. तोच पकडायचा. तोही एकटा नको, कारण डाळिंबावरच्या माव्याच्या शास्त्रीय नावातही तो आहे. ‘झँथोमोनास’ला ‘ॲन्ड’ने ‘प्युनिसी’ जोडला की पाऊण काम झाले.

पूर्ण शोधओळ अशी होईल: (झँथोमोनास ॲन्ड प्युनिसी) ऑर (“बॅक्टेरियल ब्लाइट” ॲन्ड पोमग्रॅनेट). टाइप अर्थात रोमन लिपीत करायची, आणि जोडशब्द कॅपिटल अक्षरांत. कंस आळसाने गाळू नका. पबमेड हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा मोफत डेटाबेस जोडशब्द डावीकडून उजवीकडे वाचत जातो. कंस नसले तर शेवटचा ‘ॲन्ड पोमग्रॅनेट’ आधीच्या सगळ्यालाच लागू होतो आणि लेख गळतात.

अवतरणचिन्हांनी शब्द एकत्र, त्याच क्रमाने शोधले जातात, हे बहुतेकांना माहीत असते. त्यातला तोटा कमी जणांना माहीत असतो. पबमेडच्या पाठीशी १९६० पासून चालत आलेली विषयशब्दांची एक ठरीव यादी आहे. तुम्ही ‘हार्ट अटॅक’ टाकले तर तो मुकाट्याने ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’चीही भर घालतो. अवतरणचिन्हे टाकलीत, किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन (*) दिलेत, की ही मदत बंद होते. म्हणून पहिला शोध मोकळा ठेवा आणि मिळालेल्या दोन-तीन चांगल्या लेखांखाली कोणते विषयशब्द लावले आहेत ते बघा. पुढचा शोध त्या शब्दांनी करा. शेतीच्या बाबतीत हेच काम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘ॲग्रिस’ हा डेटाबेस करतो.

मराठीत शोधताना आणखी एक खाच आहे. आपली नामे विभक्ती घेऊन बदलतात. सूचीच्या लेखी ‘डाळिंब’, ‘डाळिंबाचे’ आणि ‘डाळिंबावरील’ हे तीन वेगळे शब्द असू शकतात, आणि एक शोधला तर बाकीचे दोन मिळतीलच असे नाही. ही रूपे ‘ऑर’ने जोडून द्यावीत. जुनी मराठी पुस्तके तर अनेकदा नुसती स्कॅन केलेली चित्रे असतात, आतला मजकूर शोधता येतच नाही. तिथे शीर्षक आणि लेखक एवढाच आधार.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर मी प्रबंधांकडे बोट दाखवेन. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार मोफत आहे आणि देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध त्यात आहेत. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर सापडतात. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण उघडा. कोणीतरी काही वर्षे खपून केलेली यादी तुम्हाला आयती मिळते. तिथून सुतावरून स्वर्ग खुशाल गाठा. संदर्भसूचीतून मागे जाता येते, आणि गूगल स्कॉलर या गूगलच्या संशोधनलेख शोधण्याच्या सेवेत लेखाखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक करून पुढे, म्हणजे त्या लेखाचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिले तिकडे. ही पुढे जाण्याची सोय युजीन गारफील्ड या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये छापील खंडांच्या रूपात आणली होती.

मागे-पुढे जाताना सालावर नजर हवी. तेल्यावरच्या जुन्या लेखांत स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या फवारण्या सर्रास सुचवलेल्या दिसतील. पण प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढू नयेत म्हणून शेतीतल्या या वापरावर बंदी घालण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. म्हणजे लेख खरा असूनही त्यातला सल्ला शिळा असू शकतो.

पैसे मागणारे पान समोर आले तर लगेच खिशात हात घालू नका. गूगल स्कॉलरवर त्याच लेखाच्या ‘ऑल व्हर्जन्स’ उघडून पाहा, लेखकाने मोफत प्रत कुठेतरी ठेवलेली असते. नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहा. बरेच संशोधक आनंदाने पाठवतात. शिवाय २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तीतून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमच्या संस्थेत ती आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. एरवीही ग्रंथपालांना विचारण्यात आपण उगाच संकोच करतो.

विषय इतिहासाचा असेल तर सोलापूरकरांनी गावाचे जुने इंग्रजी स्पेलिंग विसरू नये. ब्रिटिश काळात ‘एस’नंतर ‘एच’ घालून ‘शोलापूर’ लिहीत. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरवर तेच आहे आणि १९३० च्या मार्शल लॉच्या सरकारी कागदांतही तेच. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधताना दोन्ही स्पेलिंगे टाका, एकाच वेळी जमत नसेल तर एकामागून एक.