पुरातत्त्व की संग्रहालयशास्त्र? अर्ज भरण्याआधी

पदवीचा निकाल लागला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पुरातत्त्व करू की म्युझिऑलॉजी? दोन्ही एकच ना?" घरच्यांनाही तसंच वाटतं, कारण दोन्हीकडे जुन्या वस्तू असतात. मी मग एकाच वस्तूची गोष्ट सांगते.

नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, पलीकडे माहूरझरी. विदर्भातल्या अशा महापाषाणीय दफनांमध्ये, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या प्राचीन दफनांमध्ये, लोखंडी कुऱ्हाडी मिळतात, पात्यावर आडवे पट्टे ठोकलेल्या. समजा, अशी एक कुऱ्हाड मातीतून डोकावली. पुरातत्त्वाचा विद्यार्थी तिला लगेच हात लावत नाही. ती कोणत्या थरात आहे, किती खोल आहे, शेजारी हाडं आहेत की घोड्याचा साज, हे आधी मोजायचं, रेखाटायचं, फोटो काढायचे. एकदा उचलली की ती जागा पुन्हा तशी मिळत नाही. म्हणून अभ्यासात उत्खनन, सर्वेक्षण, खापरं, नाणी, शिलालेख येतात. पवनीचं १९६९-७० चं उत्खनन ज्याच्या सहभागाने झालं, तो नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग इथेच आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेजही आहे.

आता तीच कुऱ्हाड संग्रहालयाच्या दारातून आत आली. इथून संग्रहालयशास्त्राचं काम सुरू होतं, आणि माझा जीव इथे जास्त रमतो, हे लपवत नाही.

आधी नोंदवहीत क्रमांक. तो वस्तूवर लिहिण्याचीही रीत आहे: प्रेक्षकाला न दिसणाऱ्या बाजूला पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर बारीक शाईने आकडा, वर पुन्हा थर. उद्या काढायचा झाला तर मूळ पृष्ठभागाला धक्का न लावता निघतो. पण लोखंडाला गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर लॅकरही नको, क्रमांकाची चिठ्ठी बांधायची. मग हवा. आपल्याकडे मे महिन्यात ओठ फुटतात आणि जुलैत भिंतींना ओल येते. लोखंडाला कोरडी हवा लागते, तर हस्तिदंत फार कोरड्या हवेत तडकतो. दोघांना एकाच कपाटात ठेवून चालत नाही. कापडावर प्रकाशही साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत.

आणि पाटी! "महापाषाणकालीन लोहकुठार" एवढंच लिहिलं तर रामटेकहून सहलीला आलेली पाचवीतली मुलगी न थांबता पुढे जाते. "हे आडवे पट्टे पातं दांड्याला घट्ट धरून ठेवायचे" असं लिहिलं की ती वाकून पट्टे मोजते. ही पाटी लिहिणं मला उत्खननाइतकंच अवघड वाटतं.

संग्रहालयशास्त्राला वस्तू जुनी असण्याचीही अट नाही. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय घ्या, तिथे खणायला काहीच नाही, पण सांभाळायला आणि समजावून सांगायला भरपूर आहे.

हा विषय शिकायला बहुतेकांना नागपूर सोडावं लागतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तो १९५२ पासून आहे. दिल्लीत १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज या नावाने नोएडाला आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदव्युत्तर पदविका आहे. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. रसायनशास्त्रवाल्यांनी बिचकू नये, गंज आणि बुरशी त्यांनाच लवकर कळते. नोकऱ्या दोन्हीकडे मोजक्याच आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा.

अर्जातलं निवेदन मात्र जपून लिहा. "मला इतिहासाची आवड आहे" हे दोन्ही अर्जांत चालतं, म्हणून कुठेच उपयोगी पडत नाही. १८६३ पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, सिव्हिल लाइन्सला आहे. तिथे एकाच दालनात तासभर बसा. लोक कुठे थांबतात, कुठली पाटी वाचतात, काचेवर उजेड कुठून पडतो, ते वहीत टिपा. बाहेर आल्यावर मनात "ही मूर्ती सापडली कुठे, कशी?" हाच प्रश्न घोळत असेल तर पुरातत्त्वाचा फॉर्म भरा. "ही पाटी मी बदलली असती" असं वाटलं, तर ती कशी बदलली असती हेच संग्रहालयशास्त्राच्या निवेदनात लिहा.